जळण्याची वाट पाहणाऱ्यांना

धार्मिक माणसाच्या मनाबद्दल आपल्याकडे एक मत इतकं घट्ट बसलं आहे की त्यावर वाद घालावा असं कुणाला वाटतही नाही. जो माणूस परंपरेला धरून आहे, जातपात, सोवळंओवळं, बाईची मर्यादा हे सगळं मनापासून मानतो, त्याच्यापुढे तुम्ही कितीही डोकं फोडा, तो बदलणार नाही. तो बदलेल एकाच दिवशी. स्वतःची लेक कपाळ पुसून माहेरी येईल, मुलगा परजातीची सून घेऊन दारात उभा राहील, त्या दिवशी. तोवर त्याच्याशी बोलणं म्हणजे वेळ घालवणं. पांझरेच्या या काठावर, धुळ्यातल्या आमच्या देवपुरात, हेच मत अहिराणीत चार शब्दांत सांगून मोकळे होतात: ज्यानं जळस त्याले कळस.

हे मत खोटं आहे. नुसतं खोटं असतं तर दुर्लक्ष केलं असतं, पण ते घातकही आहे. आणि ते बोलणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत, म्हणून गप्प बसणं मला शक्य नाही.

मध्यंतरी वाडीभोकर रोडच्या बाजूला एका घरी हळदीला गेलो होतो. नवरदेवाची आई विधवा. नवरा गेल्यावर शिवणकाम करून, लोकांचे डबे करून तिने पोराला इंजिनिअर केलं. हळद लावायची वेळ झाली तशी एकेका सवाष्णीला नावानं हाक मारून पुढे बोलावलं गेलं, आणि ही आई मागच्या खोलीत नारळ मोजत बसून राहिली. तिला कुणी हाकललं नव्हतं. हाकलायची गरजच नव्हती, तिची जागा तिला पाठ होती. मी घरातल्या थोरल्या काकांना बाजूला घेऊन विचारलं. रोज हरिपाठ म्हणणारे, पायी वारी केलेले, कुणाचं वाईट न चिंतणारे गृहस्थ. ते म्हणाले, "भाऊ, ज्यानं जळस त्याले कळस. तिचं दुःख आपल्याला काय कळणार? चालत आलंय ते चालू द्यावं." परतताना दत्त मंदिर चौकात एक प्राध्यापक मित्र भेटले, उमेदीची वर्षं चळवळीत घातलेले. त्यांना हकीकत सांगितली तर म्हणाले, "सोडा हो. त्यांच्या घरात घडल्याशिवाय त्यांच्या डोक्यात उजेड पडायचा नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

देवाधर्माबाबत दोन टोकांना असलेल्या या दोन माणसांनी एकाच संध्याकाळी एकच म्हण पुढे केली. एकाने स्वतः काही न करण्यासाठी, दुसऱ्याने इतरांना काही सांगणं सोडून देण्यासाठी. नारळ मोजत बसलेल्या बाईच्या पदरात दोघांनीही टाकलं ते सारखंच.

तेव्हा आधी या म्हणीतल्या दाव्याकडेच पाहू. भोगलं की कळतं, असं ती सांगते. खरंच कळतं? मग सासुरवास भोगलेली बाई सासू झाल्यावर सुनेला जपते का? या देशात सासुरवासाचा अनुभव नसलेल्या सासवा फार थोड्या निघतील. अनुभवानेच शहाणपण येत असतं तर सासुरवास एका पिढीत संपला असता. तो पिढ्यान्‌पिढ्या चालला, कारण बहुसंख्य सासवांनी आपल्या भोगातून धडा घेतला तो असा: आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा. हळदीकुंकवातून विधवेला वगळणाऱ्यांत स्वतः वैधव्य काढलेल्या आज्या पुढे असतात, हे मी सांगायला हवं असं नाही. त्यांचं जळलं नव्हतं काय?

रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे घरातलं चित्र उघड मांडलं आहे. त्यांनी लिहायला-वाचायला घेतलं, पुढे इंग्रजी शिकायला घेतलं, तेव्हा त्यांना सर्वांत जास्त छळलं ते घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी. ज्यांना स्वतःला अक्षर मिळू दिलं गेलं नव्हतं, त्यांनीच दुसरीच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचा प्रयत्न केला.

रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण वाद इथेच निकालात निघतो. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. स्वतः विधुर झालेला तरुण, घरात विधवा बहीण, बुद्धी लखलखीत, शास्त्राधार मुखोद्गत, आणि मनात करुणा. म्हणजे अनुभव दोन्ही बाजूंनी घरात येऊन बसला होता. काय घडलं? वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच मुलीला पुढे त्यांनी शिकवलं, ती रमाबाई रानडे झाली, हे त्यांचं मोठेपण मी मान्य करतो. पण ज्या एका गोष्टीत अनुभवाने हात धरून न्यायला हवं होतं, तिथे त्याने नेलं नाही. आता दुसरा माणूस पाहा. धोंडो केशव कर्वे. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. तेही चित्पावन, तेही विधुर, त्यांनाही घरचं दडपण आणि गावाची भीती. दोन वर्षांनी, १८९३ च्या मार्चमध्ये, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनी तो सोसला आणि पुढचं आयुष्य विधवांच्या शिक्षणाला दिलं.

दुःख एकच, समाज एकच, काळही जवळजवळ एकच. मग कृती वेगळी का? अनुभवाने जर माणूस ठरत असेल तर या दोघांनी एकच वाट धरायला हवी होती. धरली नाही. फरक अनुभवानंतरच्या क्षणी पडला. ज्यांच्या धाकात आपण वाढलो त्यांचं ऐकायचं, की जिचं आयुष्य मोडलं आहे तिचं? हा निर्णय अनुभव आपल्यासाठी घेऊन देत नाही. तो आपणच घ्यावा लागतो. म्हणूनच तो न घेणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं.

माझे प्राध्यापक मित्र इथे परदेशातली उदाहरणं देतात. अमेरिकेत ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी समलिंगी विवाहाला विरोध केला होता. मुलाने आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं, आणि २०१३ साली पोर्टमन यांनी जाहीरपणे भूमिका बदलली. बघा, म्हणतात, घरात घडलं तेव्हाच कळलं. बरं, मग फिलिस श्लाफ्ली यांचं काय? कॅथलिक, सनातनी अमेरिकेच्या मोठ्या नेत्या. त्यांचाही मुलगा समलिंगी असल्याचं १९९२ साली जगजाहीर झालं. त्यानंतर २०१६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपली भूमिका तसूभर हलवली नाही. पोर्टमन यांची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, कारण ती ऐकायला बरी वाटते. श्लाफ्लींची कुणी सांगत नाही. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या मुलीचा जीव घेणाऱ्या बापांच्या बातम्या आपण आपल्याच महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत वाचतो. त्या बापाच्या घरातच घडलं होतं ना? स्वतःच्या लेकीइतकं जवळचं दुसरं कोण असतं? मग कळलं का नाही?

तरीही एखादा म्हणेल, काही जणांना कळतं की. कळतं. तेवढं मी सोडून देतो. पण तेवढ्यावर समाजाचा हिशेब मांडायला निघालात की या म्हणीतला खरा विखार समोर येतो. आपल्या समाजाची रचनाच अशी आहे की काही माणसांचं दुःख काही घरांत कधीच पोचू नये. जात म्हणजे दुसरं काय आहे? सवर्णाच्या घरात लेक विधवा होऊ शकते, मुलगा समलिंगी असू शकतो, नातू अपंग जन्मू शकतो. पण सवर्णाच्या घरात कुणी एका सकाळी उठून अस्पृश्य होत नाही. धडगावच्या डोंगरातल्या पावरा बाईला कडेवर पोर घेऊन दवाखान्यापर्यंत करावी लागणारी पायपीट देवपुरातल्या बंगल्यात कधीच घडणार नाही. मग 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' हा नियम मानला तर त्या दुःखाबद्दल सवर्ण माणसाला आयुष्यभराची सूट मिळते. त्याला कधी कळणारच नाही, आणि कळलं नाही याचा दोषही त्याच्याकडे जाणार नाही. इतकी सोयीची म्हण कुणाच्या तोंडी का रुळली असेल, याचा विचार करा.

खान्देशातल्याच एका घटनेने हे स्पष्ट होतं. १९२९ सालची गोष्ट. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते आणि त्यांच्याकडे आणखी एका सभासदाबरोबर खान्देशचे दोन जिल्हे आले होते. काम संपल्यावर बरोबरचे सभासद एका साधुपुरुषाच्या दर्शनाला गेले. बाबासाहेब धुळ्याच्या रेल्वेलाइनवरच्या एका गावी, सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करायला गेले आणि चाळीसगावला परत आले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनवर टांगे उभे होते, पण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग हाकण्याची सवय नसलेला वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला. नदीवरच्या फरशीवर टांग्याचं चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

त्या टांगेवाल्यांकडे कसल्या अनुभवाची कमतरता होती? दिवसभर उन्हात घोड्यामागे बसणारी, बाबूलोकांच्या शिव्या खाणारी, हातावर पोट असलेली गरीब माणसं. अपमान म्हणजे काय हे त्यांना रोज कळत होतं. तरी परदेशात शिकून बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षा आपण वरचे आहोत, एवढं मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. स्वतःच्या जळण्यातून दुसऱ्याचं जळणं कळत असतं तर चाळीसगाव स्टेशनवर टांग्यांची रांग लागली असती.

आणि आणखी एक गोष्ट. ही हकीकत आपल्याला कुठून कळली? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली म्हणून. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या सुरुवातीलाच ते सांगतात की अस्पृश्यता असते हे परक्या माणसाला ठाऊक असतं, पण ती किती छळते याची त्याला कल्पना येत नाही, म्हणून हे प्रसंग सांगायचे. ज्यानं भोगलेलं नाही, ज्याला भोगावं लागणारही नाही, त्याला सांगून कळू शकतं, या भरवशावरच तर माणूस लिहितो. भोगल्याशिवाय कळतच नसेल तर आत्मकथा कशासाठी लिहायच्या? दलित साहित्याची सगळी धडपड कुणासाठी होती? भोगलेल्यांना ते आधीच ठाऊक होतं.

आता धार्मिक माणसाकडे वळतो, कारण माझा खरा वाद त्यांच्याशी आहे. मी त्यांच्यातलाच आहे. एकवीरेला जातो, एकादशी पाळतो, आणि त्यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. म्हणूनच विचारतो: 'आपल्यावर आल्याशिवाय कळत नाही' हे वाक्य तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणता? ज्या संतांचे अभंग तुम्ही म्हणता, त्यांच्या कथांमध्ये हे वाक्य कुठे बसतं? एकनाथांनी रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलीत. नाथांना गाढवाची तहान अनुभवायला गाढव व्हावं लागलं होतं का? पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ते उपाशी कुत्र्याचा जन्म भोगून आले होते का? या कथांमधलं सार हेच की दुसऱ्याचं दुःख स्वतःवर न येताही स्वतःचं मानता येतं, आणि जो ते मानतो त्यालाच भक्त म्हणायचं. आपल्यावर येईपर्यंत थांबणाऱ्याला आपल्या परंपरेने संत म्हटलेलं नाही.

आमच्या तापीकाठची मुक्ताई घ्या. संन्याशाची पोरं म्हणून चौघा भावंडांना धर्माच्या नावाखाली वाळीत टाकलं गेलं. त्या भोगातून कडवटपणाच निपजायला हवा होता. रागाने दार लावून बसलेल्या भावाला, ज्ञानेश्वरांना, ताटी उघडायला सांगणारी ती एवढीशी बहीण होती, आणि त्या भावाने पुढे मागणं मागितलं ते दुष्टांच्याही भल्याचं. तिच्या नावाचं मुक्ताईनगर आपल्या खान्देशात आहे, तिची पालखी दर वर्षी मोठी मजल मारून पंढरीला जाते, आणि त्या पालखीला खांदा देणारा माणूस घरी आल्यावर म्हणतो, दुसऱ्याचं आपल्याला काय कळणार!

कथा झाल्या, असं कुणी म्हणू नये म्हणून इतिहासातला माणूस सांगतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली, १९ जूनला अठरावा अध्याय संपला. ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत, कारण समोर बसलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. दोघेही ब्राह्मण, दोघेही मनाने नखशिखांत धार्मिक. दोघांनाही जन्मात कधी देवळाच्या पायरीवरून कुणी परत पाठवलं नव्हतं. यातले विनोबा पुढे, १९५३ साली, देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात दलितांना बरोबर घेऊन गेले म्हणून पंड्यांचा मार खाऊन आले. साने गुरुजींनी त्याआधी पंढरपूर हलवलं होतं.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मुलांना जीव लावणारे हे मास्तर १९४६-४७ च्या सुमारास महाराष्ट्रभर हिंडले. गावोगावी त्यांनी एकच मागणी केली: देवळं आणि पाणवठे सगळ्यांसाठी खुले करा. ऐकणारे कोण होते? ज्यांच्यासाठी देऊळ कधी बंद नव्हतं असेच लोक बहुसंख्य. त्यांच्यापैकी कुणाला अस्पृश्यतेचा अनुभव नव्हता. तरी अनेक गावांनी देवळं उघडली, विहिरी उघडल्या. पंढरपूरचे बडवे मात्र अडून बसले. तेव्हा १ मे १९४७ रोजी गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी विठ्ठलाचं दार उघडण्याचं कबूल झालं. तो विठ्ठल, ज्याच्या महाद्वाराबाहेर चोखोबा शतकानुशतकं पायरीशी पडून होते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: गुरुजींनी लहानपणी गरिबी पाहिली होती, आईचे हाल पाहिले होते, म्हणून ते असे झाले. हे उत्तर मला सर्वांत जास्त चीड आणतं. कोकणात आणि देशावर गरीब ब्राह्मण कुटुंब काय एकटं गुरुजींच्या वडिलांचं, सदाशिवराव सान्यांचंच होतं? घरची भाकरी गेली म्हणून जातीचा ताठा जास्त घट्ट धरणारी घरं आपण पाहिलेली नाहीत का? गरिबी हजारोंनी सोसली, उपोषणाला एकच बसला. त्याचं श्रेय त्याच्या गरिबीला देऊन आपण त्या माणसाच्या निवडीचा अपमान करतो. आणि आपली सुटका करून घेतो. तो वेगळ्याच भोगातून आला होता, आमच्याकडून अपेक्षा नको.

भोगाने माणूस मऊ होतो, हे तर धुळेकराने कधीच म्हणू नये. या शहराने २००८ साली दंगल पाहिली. ६ जानेवारी २०१३ रोजी पुन्हा पाहिली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. दुकानं जळाली, घरं जळाली, दोन्ही बाजूंच्या आयांनी आक्रोश केला. इथे जळणं ही म्हणीतली गोष्ट राहिलेली नाही. म्हणीप्रमाणे पाहिलं तर दोन्ही वस्त्यांना एकमेकांचं दुःख कळून आज आमचं शहर सर्वांत समजूतदार असायला हवं होतं. प्रत्यक्षात प्रत्येकाने आपल्या राखेची मोजदाद ठेवली, समोरच्याची ऐकायलाही नकार दिला. 'आमचं काय झालं ते तुम्हाला काय कळणार' हेच वाक्य दोन्हीकडून येतं. स्वतःचा भोग दुसऱ्याकडे पाहण्याची खिडकी होऊ शकतो तसा भिंतही होतो, आणि माझ्या शहरात त्याची भिंत झालेली मी रोज पाहतो.

आता सुधारकी बाण्याच्या मित्रांना सांगायचं ते सांगतो. धार्मिक माणूस स्वतःच्या घरात घडल्याशिवाय बदलत नाही, असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्हाला ते वास्तवाचं निदान वाटतं. मला त्यात तुच्छता दिसते. तुमच्या मनाला तर्क कळतो, पुस्तक कळतं, न पाहिलेल्या माणसाची वेदना कळते. त्याला मात्र चटका बसल्याशिवाय काही समजत नाही, असं तुम्ही धरून चालता. आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी दुःखाची वाट पाहता. त्याची लेक विधवा होईल तेव्हा तो शहाणा होईल, या वाक्यात एका मुलीचा नवरा मरावा लागतो, हे तुमच्या लक्षात येतं का? तुमच्या विचाराच्या विजयासाठी कुणाच्या घरात प्रेत यावं, ही कसली पुरोगामी वृत्ती?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. पंधरवड्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हीच दिशा दाखवली. यावर तुम्ही म्हणाल, कोविडमध्ये तरणी माणसं गेली, म्हणून गावाला जाग आली. कोविड काय एकट्या हेरवाडला आला होता? महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्या साथीने कुठल्या तालुक्याला सोडलं नाही. तरण्या विधवा खान्देशातही झाल्या, विदर्भातही झाल्या. अनुभव सगळीकडे सारखा सांडला होता. हेरवाडला वेगळं घडलं ते इतकंच की तिथे कुणीतरी तो विषय ग्रामसभेत मांडला आणि समोर बसलेल्या, देवधर्म करणाऱ्या साध्या माणसांकडून मत मागितलं. मागितल्यावर त्यांनी दिलं. हात वर करणारे सगळे काही विधवांचे बाप आणि भाऊ नव्हते. आपण आपल्या गावात मत मागितलंच नाही, आणि वर म्हणतो, हे लोक बदलत नाहीत.

आपल्या देवपुरात शिरपूर, साक्री, नंदुरबार, अक्कलकुव्याकडून मुलं-मुली शिकायला येतात. कॉलेजं इथे, क्लास इथे, म्हणून खोल्याही इथेच शोधतात. दारात उभ्या असलेल्या मुलाला आधी आडनाव विचारलं जातं. आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव आणि गल्ली विचारली जाते. मग खोली 'कालच गेलेली' असते. ही घरं धर्मशील माणसांची आहेत. ओट्यावर तुळस आहे, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आहे, श्रावणात कानबाईचे रोट होतात. आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला काय वाटतं हे आपल्याला कळत नाही, कारण आपण कधी असे उभे राहिलो नाही, असं तिथे सांगितलं जातं.

कळण्यासाठी तुम्ही बेघर होण्याची गरज नाही. तुमच्या नातवाला पुण्यात कुणी आडनावावरून खोली नाकारेपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. तसा दिवस बहुधा उगवणारच नाही, आणि हे तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे. त्या मुलांनी आपल्याला काय सोसावं लागतं ते बोलून दाखवलं आहे, लिहून ठेवलं आहे, शंभर वर्षांपूर्वीपासून त्यांच्या आजे-पणज्यांनी सांगून ठेवलं आहे. तुम्ही ते ऐकलेलं आहे. आता खोली द्यायची की नाही एवढंच उरलं आहे. ती देणार नसाल तर सरळ सांगा, आम्हाला द्यायची नाही. आम्हाला कळत नाही, असं सांगू नका.